आरशामागचा ‘पारा’ नेमका कुठे गेला?

आरसा जुना झाला, त्यावर काळे डाग पडले की आपण म्हणतो, ‘पारा उडाला.’ खरं तर आज घरातल्या आरशाला पारा लावलेलाच नसतो. काचेच्या मागे चांदीचा किंवा ॲल्युमिनियमचा अगदी पातळ थर असतो आणि त्यावर रंग. मग हा शब्द आला कुठून? त्यासाठी आपल्याला थोडं मागे जावं लागेल.

सर्वात जुने आरसे काचेचे नव्हतेच. आजच्या तुर्कस्तानातील चातालह्युयुक इथे सुमारे ८ हजार वर्षांपूर्वी लोक ज्वालामुखीतून बनलेला काळा, काचेसारखा दगड घासून गुळगुळीत करत आणि त्यात चेहरा पाहत. पुढे इजिप्त आणि इराकच्या भूमीत तांब्याचे, मग काशाचे आरसे आले. पण धातू हवेने काळवंडतो, म्हणून ते पुन्हा पुन्हा घासावे लागत.

सोळाव्या शतकात व्हेनिसजवळच्या मुरानो बेटावरील कारागीर काचेच्या आरशांसाठी प्रसिद्ध झाले. त्यांची पद्धत अशी: सपाट पाटावर कथलाचा पातळ पत्रा पसरायचा, त्यावर पारा ओतायचा, वरून काच सरकवायची आणि वजन ठेवून जादा पारा निथळू द्यायचा. कथील आणि पारा मिसळून काचेला चमकदार थर चिकटायचा. चेहरा इतका लख्ख दिसे की हे आरसे श्रीमंतांनाच परवडत.

पण पाऱ्याची वाफ साध्या हवेतही होते आणि ती श्वासातून शरीरात जाते. १७०० मध्ये इटलीचे वैद्य रामाझिनी यांनी कामगारांच्या आजारांवर पुस्तक लिहिलं. त्यात या आरसे बनवणाऱ्यांचीही व्यथा आहे. हात-पाय थरथरायचे, अंग लुळं पडायचं. राजवाड्यांतल्या झगमगाटाची किंमत या गरिबांनी मोजली.

१८३५ मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ लीबिग यांनी चांदीच्या क्षाराच्या द्रावणातून काचेवर चांदी बसवण्याची वाट दाखवली. बारावीच्या प्रयोगशाळेत परीक्षानळीच्या आत चमकणारा ‘रजत आरसा’ बनतो, तीच ही क्रिया. हळूहळू कारखान्यांतून पारा हटला, फक्त आपल्या बोलण्यात राहिला.

एक काळजी मात्र घ्यायला हवी. कुणाच्या घरी दीड-दोनशे वर्षांपूर्वीचा विलायती आरसा असेल, तर त्याचा मागचा थर खरवडू नका आणि मुलांनाही खरवडू देऊ नका. त्यात अजून खराखुरा पारा असू शकतो.