तळं हौसेचं, धरण मातीचं

मातीचं धरण पाणी अडवतं ते स्वतःच्या वजनावर. पण पाणी एकदा माथ्यावरून वाहू लागलं, की उताराची माती धुपते, खाच पडते, खाचेतून आणखी पाणी येतं, आणि काही वेळात धरणच उरत नाही. म्हणून मी म्हणतो, अशा धरणाचा जीव सांडव्यात असतो.

अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातलं साउथ फोर्कचं धरण घ्या. उंची ७२ फूट. बांधलं होतं कालव्याला पाणी पुरवायला. पुढे ते पिट्सबर्गच्या धनिकांच्या क्लबकडे आलं, मासेमारी आणि नौकाविहारासाठी. कार्नेगीसुद्धा सभासद! तळाशी पाणी सोडायचे लोखंडी नळ आधीच्या मालकाने विकून टाकले होते, क्लबने ते पुन्हा बसवलेच नाहीत. वर बग्गीसाठी रस्ता हवा म्हणून माथा छाटला. आणि विकत आणलेले मासे निसटू नयेत म्हणून सांडव्याला जाळ्या लावल्या. एकेक गोष्ट किती किरकोळ वाटते बघा.

३१ मे १८८९. मुसळधार पाऊस, जाळ्यांत अडकलेला पालापाचोळा, तुंबलेला सांडवा. दुपारी तीनच्या सुमारास धरण फुटलं. खाली २२ किलोमीटरवर जॉन्सटाउन होतं. माणसं गेली २,२०९. क्लबला कोर्टात दमडीही भरावी लागली नाही.

पानशेत १९६१ साली फुटलं त्याचं कारण निराळं, तिथे मोरीवरचा भराव खचला होता.

तुम्ही बोटिंगला जाल तेव्हा सांडवा मोकळा आहे का, एवढं बघा. बांधाच्या पायथ्याशी पाणी झिरपत असेल, तर स्वच्छ एकवेळ चालेल. गढूळ दिसलं तर बांधाची माती आतून निघून चालली आहे. लगेच कळवा.