लाळेच्या नमुन्यावरून मुलांचं ताट?

२००६ मध्ये अमेरिकी संसदेसाठी काम करणाऱ्या लेखापरीक्षण कार्यालयाने एक सापळा रचला. नऊ महिन्यांच्या एका मुलीच्या डीएनएचे बारा नमुने आणि ४८ वर्षांच्या एका पुरुषाचे दोन, असे चौदा नमुने चौदा काल्पनिक ग्राहकांच्या नावाने पाठवले. ते गेले जनुकांवरून आहार सुचवणाऱ्या चार संकेतस्थळांकडे. सोबतच्या अर्जांत वय, सवयी, व्यायाम वेगवेगळा लिहिला होता. डीएनए एकच असेल तर सल्ला मिळताजुळता यायला हवा. आला तो अर्जात लिहिलेल्या सवयींप्रमाणे. सिगारेट ओढतो असं लिहिलेल्याला सिगारेट सोडायला सांगितलं! त्यासाठी जनुकं कशाला हवीत? एका ठिकाणी ‘खास तुमच्यासाठी’ म्हणून वर्षाला बाराशे डॉलरहून महाग पूरक गोळ्या सुचवल्या. तशीच जीवनसत्त्वं बाजारात पस्तीसेक डॉलरला मिळत होती.

त्यानंतर तंत्र खूप सुधारलं. आता आपल्याकडेही किट कुरियरने घरी येतं, मुलाच्या लाळेचा नमुना पाठवायचा आणि रंगीत पीडीएफची वाट पाहायची. डीएनएमधली अक्षरं वाचणं बरंच अचूक झालं आहे. पण त्या अक्षरांवरून मुलाला काय वाढायचं हे ठरवणं, ही उडी अजून फार लांबची आहे.

लठ्ठपणाशी जोडलेलं ‘एफटीओ’ हे जनुक २००७ मध्ये गाजलं. त्याचा जोखमीचा प्रकार आई आणि वडील दोघांकडून आलेल्या प्रौढांचं वजन, तो प्रकार अजिबात नसलेल्यांपेक्षा सरासरी तीनेक किलोंनी जास्त भरलं. तीन किलो, तेही प्रौढ वयात आणि सरासरीने. यावरून चौथीतल्या मुलाच्या डब्यातला बटाटा काढायचा का? २०१८ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी ६०९ प्रौढांना वर्षभर कमी चरबीच्या किंवा कमी कर्बोदकांच्या आहारावर ठेवलं. ज्याची जनुकं ज्या आहाराला ‘अनुकूल’ मानली होती, त्याचं वजन त्या आहारावर जास्त उतरेल, ही अपेक्षा होती. तसं झालं नाही.

मुलांच्या अहवालात हमखास येणारी ओळ दुधाची असते: ‘लॅक्टोज पचण्याची शक्यता कमी’. यात शास्त्र आहे, पण अर्धंच सांगितलेलं. दुधातली साखर पचवणारं लॅक्टेज विकर लहान बाळांत भरपूर असतं. पुढे वयानुसार ते कमी होतं. काहींमध्ये एका जनुकीय बदलामुळे ते मोठेपणीही टिकतं. हा बदल भारतात वायव्येकडे जास्त आणि दक्षिणेकडे, पूर्वेकडे कमी आढळतो. म्हणजे ‘शक्यता कमी’ हा शेरा आपल्यापैकी बहुतेकांना मिळेल. चाचणी सांगते ती मोठेपणीची शक्यता. तीन वर्षांच्या मुलाला आज दूध पचतं का, हे ती सांगत नाही. जुलाबाच्या आजारानंतर काही दिवस दूध न पचणं वेगळं, ते तात्पुरतं असतं. शिवाय लॅक्टेज कमी असलेल्या अनेकांना दही-ताक चालतं, थोडं दूधही चालतं. वाढत्या वयात कागद पाहून दूध तोडलं, तर जातं ते कॅल्शियम आणि प्रथिनं.

गव्हाच्या बाबतीत तर घाई महागात पडते. सीलिएक आजारात ग्लुटेनमुळे लहान आतड्याच्या अस्तराला इजा होते. या आजाराशी निगडित ‘डीक्यू२’ आणि ‘डीक्यू८’ हे प्रकार लोकसंख्येच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याकडे असू शकतात. आजार होतो शंभरात एखाद्याला. त्यामुळे हे प्रकार नसतील तर आजाराची शक्यता जवळपास संपते, असतील तर फारसं काही सिद्ध होत नाही. जनुकांचा अहवाल पाहून घरच्या घरी पोळी बंद केली, की खरी पंचाईत सुरू होते. सीलिएकसाठीची प्रतिपिंडांची रक्ततपासणी मूल गहू खात असतानाच करावी लागते. गहू आधीच बंद असेल तर ती खोटा दिलासा देऊ शकते.

आपल्या मुलांच्या पोषणाबद्दल खूप काही शिकवणारं काम पुण्यात झालं आहे. केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने १९९० च्या दशकात पुण्याजवळच्या खेड्यांतल्या गरोदर बायकांचा अभ्यास सुरू केला. तिथली बाळं वजनाने सरासरी २.७ किलो, इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा बरीच हलकी, पण अंगावरची चरबी त्या मानाने टिकून राहिलेली. आईचा आहार, तिचं बी-१२ हे या कामातले कळीचे विषय ठरले. बी-१२ आणि हिमोग्लोबिन साध्या रक्ततपासणीत कळतं, आणि उंची-वजनाचा आलेख बालरोगतज्ज्ञाकडे असतोच. किटवर खर्च करण्याआधी हे तिन्ही कागद समोर असावेत, असं माझं मत.

मुलाची संमती हा मुद्दाही आहे. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या आणि वैद्यकीय जनुकशास्त्राच्या संघटनांनी २०१३ मध्येच मुलांसाठी घरगुती जनुकचाचण्या करू नयेत, असं ठामपणे सांगितलं. दीड कोटींच्या आसपास ग्राहकांची माहिती असलेल्या ‘ट्वेंटीथ्री अँड मी’ या कंपनीने मार्च २०२५ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला, तेव्हा त्या माहितीचं काय होणार हा प्रश्न जगभर विचारला गेला. पासवर्ड बदलता येतो, डीएनए नाही.

जनुकचाचणी खरोखर कामाला येते ती डॉक्टरांच्या मनात नेमका प्रश्न असतो तेव्हा. फ्रुक्टोज न पचण्याचा एक दुर्मीळ आनुवंशिक आजार आहे. अंगावर पिणारं बाळ छान असतं. वरचं सुरू झालं, फळांचा गर, साखर, मध पोटात गेला, की उलट्या, घाम, ग्लानी, यकृतालाही धोका. मोठी झाल्यावर ही मुलं स्वतःहून गोड टाळतात, पेढा पुढे केला तरी तोंड फिरवतात, आणि त्यांचे दात बहुधा किडत नाहीत. पूर्वी निदानासाठी शिरेतून फ्रुक्टोज देऊन पाहायचे किंवा यकृताचा तुकडा काढायचे, दोन्ही जोखमीचे. आता ‘अल्डोबी’ या जनुकाची तपासणी रक्ताच्या नमुन्यावर होते. निदान पक्कं झालं की फळं, साखर, मध बंद. औषधाच्या दुकानातही सावध राहावं लागतं, कारण लहान मुलांच्या कित्येक सिरपमध्ये साखर किंवा सॉर्बिटॉल असतं आणि सॉर्बिटॉलचं शरीरात फ्रुक्टोजच होतं.