द्राक्ष निर्यात आणि संगणकीय नोंद : बागेच्या नियोजनातील बदल

मण्याचा आकार, गोडी आणि रंग यांवरून द्राक्षाची प्रत ठरते, हे बागायतदारांना सांगावयास नको. परंतु युरोपच्या बाजारात एवढ्यावर माल विकला जात नाही. घड कोणत्या बागेतील आहे आणि मण्यात कीडनाशकांचा किती अंश उरला आहे, याची नोंदही द्यावी लागते. ही नोंद आता संगणकावर असते. त्यामुळे विक्रीचा विचार काढणीपर्यंत न लांबवता छाटणीच्या वेळीच करणे आवश्यक झाले आहे.

पार्श्वभूमी

२००३ साली युरोपात भारतीय द्राक्षांमध्ये कीडनाशकांचे अंश मर्यादेपेक्षा जास्त आढळले. त्यानंतर निर्यातीच्या द्राक्षांसाठी उर्वरित अंश तपासणीची योजना सुरू झाली. २००६ साली अपेडा या केंद्रीय संस्थेने 'ग्रेपनेट' ही संगणकीय प्रणाली सुरू केली. डाळिंब, आंबा व भाजीपाल्याचाही समावेश असलेल्या 'हॉर्टिनेट' या व्यवस्थेत आता ती सामावली आहे.

नोंद कशी होते?

निर्यातीसाठी ठेवावयाच्या प्रत्येक प्लॉटची नोंदणी कृषी विभागाकडे करावी लागते. प्लॉटला स्वतंत्र क्रमांक मिळतो. काढणीपूर्वी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा प्रतिनिधी बागेतून नमुना घेतो आणि तपासणीचा निकाल प्रणालीत भरला जातो. नमुना मर्यादेत नसल्यास त्या प्लॉटचा माल युरोपला पाठविता येत नाही. मर्यादेत असल्यास पॅकहाऊस, अॅगमार्क व रोग-कीडमुक्ततेचे प्रमाणपत्र असे पुढील टप्पे होतात. परदेशात तक्रार आलीच, तर पॅकिंगवरील क्रमांकावरून मूळ प्लॉट शोधता येतो.

व्यवसायावर परिणाम

पूर्वी एका बागेच्या दोषामुळे सर्वांच्या मालावर संशय येत असे. आता दोष कोठे आहे ते ठरविता येते आणि काटेकोर बागायतदाराचे कामही उठून दिसते. कोणत्या प्लॉटचा माल केव्हा तयार होईल, हे पाहून निर्यातदार कंटेनरचे नियोजन करतो. बागायतदारानेही कोणता प्लॉट निर्यातीसाठी, कोणता स्थानिक बाजारासाठी व कोणता बेदाण्यासाठी, हे आधी ठरविल्यास विरळणी, मजुरी आणि औषधांचा खर्च त्या प्रमाणात करता येतो. सर्व प्लॉटवर निर्यातीइतका खर्च करून माल स्थानिक बाजारात विकणे परवडत नाही.

२०१० चा धडा

२०१० च्या हंगामात युरोपात भारतीय द्राक्षांमध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइड, म्हणजे बागायतदारांच्या परिचयाचे 'सीसीसी', हे वाढरोधक आढळले. प्रणाली चालू होती, नमुने तपासलेले होते. परंतु हा घटक त्या वेळी तपासणीच्या यादीत नव्हता. माल परदेशात अडकला व बागायतदारांना मोठा फटका बसला. संगणक त्यात भरलेलेच सांगतो. वेलीला काय दिले, हे फक्त बागायतदारालाच ठाऊक असते.

बागायतदारांनी घ्यावयाची काळजी

१) प्लॉटची नोंदणी व दरवर्षीचे नूतनीकरण मुदतीत करावे.

२) प्रत्येक फवारणीची तारीख, औषध, मात्रा व कारण त्याच दिवशी वहीत लिहावे. संजीवके व वाढरोधकेही लिहावीत. खरड छाटणीपासूनच नोंद सुरू करावी.

३) मांजरी (पुणे) येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राच्या चालू हंगामातील शिफारशींप्रमाणेच औषधे निवडावीत व काढणीपूर्वीचा प्रतीक्षा काळ पाळावा. मागील वर्षीच्या यादीवर विसंबू नये.

४) घटक न लिहिलेली 'टॉनिके' निर्यातीच्या प्लॉटवर वापरू नयेत.

५) शेजारच्या प्लॉटवर फवारणी करताना वाऱ्याची दिशा पाहावी. पंप स्वच्छ धुऊन घ्यावा.

६) तपासणी अहवालाची प्रत व प्लॉट क्रमांक स्वतःजवळ ठेवावा. एकाहून अधिक निर्यातदारांशी दराची बोलणी करताना त्याचा उपयोग होतो.

७) प्लॉटनिहाय खर्च व उत्पन्न लिहून पुढील छाटणीपूर्वी ताळेबंद पाहावा.

नोंदवहीला खर्च थोडा आणि वेळ रोजची दहा मिनिटे लागतो. वर्षभराचे कष्ट बंदरावर अडकू नयेत, यासाठी तेवढा वेळ अवश्य द्यावा.