बेने इस्राएलांचे सणवर्ष

बेने इस्राएल या कोकणातल्या ज्यू समाजाचे धार्मिक वर्ष पावसाळा ओसरताना सुरू होते. हिब्रू महिने चांद्र; ऋतूंशी मेळ राहावा म्हणून 19 वर्षांत 7 वेळा अधिक महिना धरतात. त्यामुळे सणांच्या तारखा दरसाल सरकतात. नववर्षाची संध्याकाळ 2025 मध्ये 22 सप्टेंबरला होती, 2026 मध्ये ती 11 सप्टेंबरला येते आणि अधिक महिन्यामुळे 2027 मध्ये 1 ऑक्टोबरवर जाते.

तारखा ठरल्या तरी माणसे जमवावीच लागतात. तेरा वर्षांवरील दहा पुरुष असल्याशिवाय सामुदायिक प्रार्थना परंपरेप्रमाणे पुरी होत नाही. 1948 नंतर समाजाचा मोठा भाग इस्राएलला गेला. भारतात काही हजार ज्यू उरले, त्यांतले बरेचसे मुंबई-ठाण्यात. मुंबईत मांडवीला 1796 साली सॅम्युएल इझेकिएल दिवेकरांनी बांधलेले शआर हारहमीम हे समाजाचे सर्वांत जुने सिनेगॉग. ठाण्याचे शआर हशमाईम 1879 चे. सणाला तिथे चांगली गर्दी होते. अलिबागचे मागेन अबोथ 1848 चे, पण गावात कुटुंबे मोजकीच. कोकणातल्या अशा मशिदींना (समाजात सिनेगॉगला सर्रास मशीदच म्हणतात) सणाचा बेत आखताना आधी विचारावे लागते, ते मुंबईहून कोण येणार आणि प्रार्थना चालवणारा हजान कुठून मिळणार. दहावा माणूस वेळेवर पोहोचला की केवढे समाधान वाटते, हे मोठ्या समाजांना कळणे कठीण आहे.

नववर्षाच्या आधी सुमारे महिनाभर पहाटे क्षमायाचनेच्या प्रार्थना, सलिहोथ, होतात. घरात तयारी असते ती हलव्याची. गहू भिजवून, वाटून, पिळून त्यांचा चीक काढायचा, त्यात नारळाचे दूध आणि साखर घालून मंद आचेवर ढवळत राहायचे. मिश्रण भांड्याची कड सोडेपर्यंत हात थांबवता येत नाही, म्हणून घरातले सगळे पाळीपाळीने ढवळतात. मग ताटात थापून, वर बदाम-पिस्ते पेरून वड्या पाडायच्या. मांसाच्या जेवणासोबत दूधदुभते चालत नाही. नारळाच्या दुधाने ती अडचण आपसूक सुटते. समाजाचा स्वयंपाक धर्माला आणि कोकणाला एकाच वेळी किती धरून आहे, हे या हलव्याइतके दुसरे काही दाखवत नाही.

नव्याच्या सणानंतर, म्हणजे नववर्षानंतर, काही दिवसांनी जुन्या रीतीत खिरीचा सण येई: नवे धान्य, नारळाचा रस, ऊद जाळून प्रार्थना. वर्षाच्या दहाव्या दिवशी दरफाळणीचा सण, म्हणजे योम किप्पूर. उपास सुमारे 25 तासांचा. पांढरे कपडे घालून दिवसभर प्रार्थनेत बसायचे. पूर्वी कोकणात या दिवशी दारे लावून घेत आणि इतरांशी बोलणेही टाळत. दुसरा दिवस शिळा सण. त्या दिवशी दानधर्म आणि भेटीगाठी. पाठोपाठ मांडवांचा सुक्कोथ आणि तोरा या धर्मग्रंथाच्या गुंडाळ्या घेऊन नाचण्याचा सिम्हाथ तोरा येतो.

हिवाळ्यातला हनुक्का कोकणातल्या जुन्या परंपरेत नव्हता. तो बाहेरच्या ज्यूंशी संबंध आल्यावर रुजला. एलियाहू हन्नबी या संदेष्ट्यावरची श्रद्धा मात्र समाजाची खास. शेवाट महिन्याच्या पौर्णिमेच्या सुमारास अनेक कुटुंबे अलिबागजवळच्या खंडाळ्याला जातात. तिथल्या खडकावर एलियाहूच्या रथाच्या खुणा उमटल्या, अशी परंपरा सांगते. मलिद्याचे ताट मांडतात: भिजवलेले पोहे, ओले खोबरे, साखर, सुका मेवा, वर फळे. लग्न ठरो, घर घेतले जावो की नवस फेडायचा असो, मलिदा वर्षभर कधीही होतो.

त्यानंतरचा पुरीम हा सण पौर्णिमेच्या सुमारास येतो. 2024 मध्ये तो आणि होळी दोन्ही 24 मार्चला आले. समाजात त्याला होळीचा सणच म्हणत आले आहेत.

महिनाभराने पेसाह. घरातले खमीर काढून टाकायचे, बिनखमिराची भाकरी खायची आणि पहिल्या रात्री हगादा हा सणाचा ग्रंथ वाचायचा. 1874 साली पुण्यात छापलेल्या सचित्र हगाद्यात हिब्रूसोबत मराठी भाषांतर आहे, आणि चित्रांत साड्या नेसलेल्या बायका भाकऱ्या करताना दिसतात. किद्दुश या प्रार्थनेसाठी द्राक्षारस पूर्वी सहज मिळत नसे, म्हणून काळे मनुके भिजवून, कुस्करून, गाळून शरबत करतात. आज बाजारात द्राक्षारस असूनही पुष्कळ घरांत शरबतच चालते, आणि ते योग्यच आहे.

वर्षातला शेवटचा मोठा दिवस शोकाचा. जेरुसलेमचे मंदिर पडल्याच्या स्मरणार्थ आव महिन्याच्या नवमीला उपास धरतात. या उपासाला जोडून मोड आणून सोललेल्या वालाचे बिरडे भातासोबत केळीच्या पानावर वाढतात. त्यावरूनच समाजाने या दिवसाला बिरड्याचा सण हे नाव दिले.