कर्नलच्या पोटात : पत्ता एक, तक्ते दोन

पेज टेबलमधला दोष शोधताना पत्ता नंतर पाहायचा. तो कोणाच्या तक्त्यात वाचायचा, हे आधी ठरवावे लागते. प्रोग्रामच्या हाती असतो तो आभासी पत्ता. त्यामागची खरी जागा प्रत्येक प्रोसेसचे स्वतःचे पेज टेबल सांगते. त्यामुळे एकच आकडा दोन प्रोसेसना दोन निराळ्या जागी नेऊ शकतो.

माळव्यात असे एक शहरच होते. धारप्रमाणे देवासही पवारांचे. पण देवासला थोरली आणि धाकटी अशा दोन पात्या होत्या. १८४१च्या वाटणीनंतर मुख्य रस्त्याच्या दोन बाजूंना दोन कारभार आले, पाणीपुरवठा आणि दिवाबत्तीही वेगळी झाली. १९४८ साली दोन्ही संस्थाने मध्य भारतात विलीन होईपर्यंत देवासचे महाराज म्हटले की कोणत्या पातीचे, हे विचारावेच लागे. ६४ बिटी इंटेल आणि एएमडी प्रोसेसरवर पाती, म्हणजे कोणाचा तक्ता वाचायचा, हे सांगण्याचे काम सीआर३ हे रजिस्टर करते.

पेज फॉल्ट झाला की ज्या पत्त्यावर गाडी अडली तो सीआर२ मध्ये मिळतो. समजा तो ४१९८५०० आहे. पान ४०९६ बाइटचे, म्हणजे पान क्रमांक १०२५ आणि पानातला १०० वा बाइट. पेज टेबल इथे चार पायऱ्यांचे, आणि पायरीवरच्या प्रत्येक तक्त्यात ५१२ नोंदी असतात, म्हणून चार पायऱ्यांचे क्रमांक येतात ०, ०, २ आणि १. हा हिशेब एकदा तरी कागदावर करावा.

फॉल्टबरोबर एक कोडही येतो. प्रोग्रामने वाचायला जाताच ४ आला, तर कुठल्यातरी पायरीवर नोंदच नाही. ५ आला, तर नोंद आहे पण परवानगी नाही. इथेच पुष्कळांचे दिवस जातात. शेवटच्या नोंदीत ७ दिसतो, म्हणजे पान हजर, लिहिता येणारे, प्रोग्रामला खुले. तरीही फॉल्ट कायम. कारण ही मुभा चारही पायऱ्यांवर लागते, आणि वरच्या एखाद्या नोंदीत ३ राहून गेलेला असतो. दुसरी नेहमीची चूक म्हणजे नोंदीत पुढच्या तक्त्याचा खरा पत्ता लिहायच्या ऐवजी आभासी पत्ता लिहिणे. मग प्रोसेसर भलत्याच मेमरीला तक्ता समजून वाचत सुटतो.

क्यूएमू या एम्युलेटरच्या मॉनिटरमधली ‘इन्फो टीएलबी’ ही आज्ञा अशा वेळी उपयोगी पडते. नाव टीएलबीचे, म्हणजे प्रोसेसरने आधी वाचलेल्या जोड्यांच्या साठ्याचे असले, तरी ती दाखवते तक्त्यातल्याच जोड्या.

खऱ्या टीएलबीवर नवशिके लगेच आळ घेतात. गैरहजर पानाची नोंद हे प्रोसेसर त्यात साठवत नाहीत. म्हणून नवे पान जोडताना आळ बहुधा खोटा ठरतो. पान काढून घेतले किंवा परवानगी कमी केली, की मात्र जुनी नोंद रद्द करावीच लागते, आणि तीही ती प्रोसेस जिथे जिथे चालली असेल त्या प्रत्येक कोरवर.