डवऱ्याची पास

गेल्या पोळ्याला आमच्या गोठ्यात बैलजोडी नव्हती. धाकट्या भावानं ती उन्हाळ्यातच विकली. मातीच्या बैलांची पूजा उरकली आणि नजर आढ्याला टांगलेल्या डवऱ्यावर, ओळींमधलं तण काढणाऱ्या बैलऔतावर, गेली. त्याच्या पासेवर, लोखंडी पात्यावर, गंज चढला होता.

त्या गंजाची गोष्ट तणनाशकांची आहे. सुरुवातीची वर्षं मी भराभर ओलांडतो. 1974 मध्ये ग्लायफोसेट हे तणनाशक बाजारात आलं. 1996 मध्ये ते फवारलं तरी जगणारं सोयाबीन अमेरिकेत पेरलं गेलं, आणि त्याच वर्षी ऑस्ट्रेलियात ग्लायफोसेटला न जुमानणारं रायगवत नोंदलं गेलं. हरियाणाच्या गव्हातलं गुल्लीदंडा हे तण तर नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीलाच आयसोप्रोट्युरॉन हे तणनाशक पचवू लागलं होतं. इशारे पुरेसे होते.

मी थांबतो 2006 ते 2016 या दहा वर्षांवर, कारण ती वावरात उभं राहून पाहिली. तरणी पोरं पुण्याला गेली, निंदणाची मजुरी वाढली, बैल घटले, पाठीवर पंप आले. एका कंपनीच्या सभेत साहेब म्हणाले, ‘डवरा आता संग्रहालयात ठेवा.’ मंडप हसला. मीही हसलो, त्याची लाज अजून जात नाही.

तेव्हा अमेरिकेत, जॉर्जियातल्या कपाशीत ग्लायफोसेटनं न मरणारा माठ पसरत होता. 2005 पासून. आपल्या काटेमाठाचा भाऊबंद. एक मादी झाड लाखांनी बी टाकतं. ट्रॅक्टरच्या त्या देशात मजूर लावून हातानं तण उपटायची वेळ आली, आणि आम्ही नेमकं तेव्हाच निंदण मोडीत काढत होतो.

यात गूढ काही नाही. लाखात एखादं रोप जन्मतःच औषधाला दाद न देणारं असतं. दरवर्षी तेच औषध मारलं की बाकीची मरतात, हे उरतं आणि त्याचंच बी वावरभर होतं. डवऱ्याच्या पासेला मात्र दोन्ही रोपं सारखीच. चौफुली कपाशीत उभी-आडवी डवरणी झाली की बुंध्याजवळचं तेवढं बायांच्या खुरप्यासाठी उरायचं.

त्या बायांची नजर आम्ही गमावली. केना हे तण दिसलं की त्यांच्यातल्या एक मावशी ते ओटीत घालून धुऱ्यावर नेत. ‘भाऊ, वावरात टाकला त पुन्हा जीव धरते.’ खरंच, त्याचा तुकडाही मूळ धरतो, आणि ग्लायफोसेट तो मुळातच बऱ्यापैकी सोसतो. घरी जाताना त्यांच्या पदरात घोळ, तांदुळजा असायचा. फवारलेल्या वावरातली भाजी आता कोण नेणार?

2019 च्या जूनमध्ये अकोट तालुक्यात परवानगी नसलेली, तणनाशक सहन करणारी कपाशी जाहीरपणे पेरली गेली. 2022 च्या ऑक्टोबरात केंद्रानं ग्लायफोसेटची फवारणी फक्त कीडनियंत्रण व्यावसायिकांपुरती ठेवली. आमच्या गावात असा व्यावसायिक मला अजून भेटायचा आहे. पंप मात्र घरोघरी आहेत.

तणनाशक फेकून द्या, असं मी म्हणणार नाही. मजुरीचा हिशेब मलाही कळतो. पण एकाच औषधावर वावर सोडू नका. पहिल्या पावसाचं तण उगवू द्या, वखरानं मोडा, मग पेरा. सोयाबीनमध्ये तूर घ्या. औषधाचा गट बदला. दोन डवरण्या द्या. फवारणीतून वाचलेलं तण फुलावर येण्याआधी उपटा.

पास मी धार लावून आणली आहे. जुलैसाठी भाड्याची जोडीही सांगून ठेवली आहे.