चार तारा गेल्या, चार उरल्या

वायफाय गेलं की आपण सगळे आधी राउटरला शिव्या घालतो. पण कॉरिडॉरच्या छताला लटकलेल्या त्या पांढऱ्या डब्याला, म्हणजे ॲक्सेस पॉइंटला, विजेचा वेगळा प्लग नसतो, हे कितीजणांनी बघितलंय? डेटा नेणाऱ्या इथरनेट केबलमधूनच त्याला साधारण 48 व्होल्ट डीसी मिळतं. याला पॉवर ओव्हर इथरनेट, म्हणजे पीओई, म्हणतात. साहजिकच केबलला इजा झाली की डेटाही जातो आणि वीजही.

आमच्या मजल्यावर ऐन सबमिशनच्या आठवड्यात हेच झालं. उंदरांनी डक्टमध्ये केबल कुरतडली. नवी ओढावी तर पाइप जुन्या केबल्सनी गच्च भरलेला, आणि तोडफोड सुट्टी लागल्याशिवाय नाही. लॅबच्या काकांबरोबर टेस्टर लावला तेव्हा 3 आणि 8 नंबरचे दिवे लागेनात.

केबलमध्ये आठ तारा, म्हणजे चार जोड्या असतात. नेहमीच्या रंगक्रमात नारिंगी जोडी 1-2 वर, हिरवी 3-6 वर, निळी 4-5 वर, तपकिरी 7-8 वर. आमची हिरवी आणि तपकिरी गेली होती, कारण जोडीतली एक तार तुटली की दुसरी एकटी काही कामाची नाही. पण 100 एमबीपीएसला दोनच जोड्या लागतात, 1-2 आणि 3-6! तेव्हा दोन्ही टोकांचे कनेक्टर कापले आणि निळी जोडी 3-6 वर घेऊन पुन्हा क्रिम्प केलं. क्रिम्पिंग टूल आणि कनेक्टर लॅमिंग्टन रोडवर सहज मिळतात.

इथे एक धोका आहे. नारिंगीतली एक आणि निळीतली एक अशी जोडी जमवू नका. तारांना पीळ असतो तो एकमेकींचा गोंगाट मारण्यासाठी. (सुंभ जळला तरी पीळ जात नाही, हे कॉन्व्हेंटमध्ये नाही, आईकडून शिकले. इथे पीळ गेला तर नेटवर्कच जातं.)

आता वीज. 2003 च्या 802.3एएफ मानकात ती दोन प्रकारे देता येते: डेटाच्याच जोड्यांवरून, नाहीतर 4-5 आणि 7-8 वरून. घेणाऱ्या उपकरणाला दोन्ही चालायला हवेत, देणारा मात्र एकच निवडतो. आमचा स्विच डेटाच्या जोड्यांवरून देतो, म्हणून निभावलं. मध्ये लावायचे इंजेक्टर बरेचदा 4-5, 7-8 वापरतात. तसा असता तर लिंक मिळूनही डबा मेलेलाच राहिला असता, आणि त्याला जवळच्या प्लगवरून वेगळा अडॅप्टर द्यावा लागला असता. 2018 च्या 802.3बीटीची जास्त वीज चारही जोड्यांवरून जाते, तिथे हा जुगाड चालत नाही.

स्विच 15.4 वॉट देतो, उपकरणाने 12.95 च धरायचे. मधले 2.45 कुठे जातात? केबलचा रेझिस्टन्स जास्तीत जास्त 20 ओहम आणि करंट 0.35 अँपिअर धरलाय. आय स्क्वेअर आर करून बघा, बरोब्बर 2.45! व्हायव्हाला उपयोगी पडेल.

एवढं करूनही लिंक लागेना. दोन्ही बाजू गिगाबिट बोलू शकतात हे 1-2 आणि 3-6 वरच ठरतं, पण गिगाबिटला चारही जोड्या लागतात. ठरतं आणि मोडतं, पुन्हा ठरतं. मग काकांनी पोर्टच्या सेटिंगमध्ये ऑटो तसंच ठेवून फक्त गिगाबिट काढून टाकलं. ऑटो बंद करून एकाच बाजूने फुल डुप्लेक्स पक्कं केलं तर दुसरी बाजू हाफ धरते आणि नेट रडतखडत चालतं.

टेस्टरच्या हिरव्या दिव्यावर मात्र फार विसंबू नका. जेमतेम टिकलेल्या तारेवरही तो लागतो. रात्री सगळे ऑनलाइन आले, करंट वाढला, की डबा रीस्टार्ट होतो. वांद्र्याला समुद्राची खारी हवा, त्यात पावसाळा. ओल्या जोडावर डीसी असलं की तांबं झपाट्याने खातं. म्हणून मधे तारा पिळून चिकटपट्टी गुंडाळायची आयडिया आम्ही ऐकलीच नाही.

दोन्ही टोकांना मी चिठ्ठी बांधली आहे: "निळी जोडी 3-6 वर. 100 एमबीपीएस. कनेक्टर बदलू नये." नवी केबल येईपर्यंत ती कोणी काढू नका, प्लीज.